खोक्यात पुस्तिका आहे, मामा नाही

डॉर्टमुंड, ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्या ऑफिसातला एक जण गणपतीला पार्ल्याला येतोय. त्याच्याकडे एक खोकं दिलंय, ते चतुर्थीच्या आधी गिरगावात पोचेल. आई उघडून म्हणेल, चॉकलेटं कमी आणि पुठ्ठेच जास्त. पुठ्ठेच आहेत. ‘कटान’ नावाचा खेळ आहे. जागरणाला झब्बू आणि चॅलेंज दरवर्षी असतंच, त्यातली एक रात्र याला द्या. पण खोकं नुसतं पाठवलं तर काय होणार हे मला इथे बसून दिसतंय. बाबा चष्मा लावून नियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेणार, तिसऱ्या पानाला वहिनी चहा टाकायला उठणार, पोरं लाकडी घरांचे मनोरे रचणार आणि दुसऱ्या दिवशी खोकं माळ्यावर. म्हणून हे पत्र. खेळ तुला शिकवायचाय.

आपण खेळ कसे शिकलो आठव. मेंढीकोट आपल्याला कुणी समजावून दिलेला नाही. मामाच्या पाठीशी बसायचं, त्याच्या हातातली पानं बघायची, मध्येच “हुकूम का नाही टाकलास?” असं मोठ्याने विचारून टपली खायची. मग एखाद्या रात्री भिडू कमी पडला की आपला नंबर. तोवर कच्चं लिंबू. व्यापारच्या डब्यातला नियमांचा कागद तर कुणी वाचलेलाच नव्हता, वरच्या मजल्यावरची मुलं म्हणतील ते नियम. (व्यापार ज्याच्यावरून आला त्या मोनोपॉलीच्या छापील नियमांत आहे की आलेली जागा तुम्ही विकत घेतली नाहीत, तर बँकेने तिचा तिथल्या तिथे लिलाव करायचा. आपल्याकडे कधी झालाय लिलाव? जागा पडून राहायच्या आणि डाव दुपारभर रेंगाळायचा.)

या नव्या खेळांचं अवघड तेवढंच आहे. नियम फार कठीण नसतात, पण घरात ते आधी खेळलेलं कुणी नसतं. पुस्तिका असते, मामा नसतो. तो मामा तू व्हायचंस.

इथून जवळच एसेन नावाचं शहर आहे. तिथे १९८३ पासून दर ऑक्टोबरमध्ये खेळांची जत्रा भरते, २०२४ साली दोन लाखांच्या वर माणूस आलं होतं. कंपन्या तिथे टेबलांवर खेळ मांडून ठेवतात आणि शिकवायला माणसं उभी करतात. मी गेले की खेळण्याआधी या शिकवणाऱ्यांनाच बघत बसते. चांगला शिकवणारा हातात पुस्तिका धरत नाही. तो आधी सांगतो, तुम्ही कोण आहात आणि जिंकायचं कसं. मग आपली पाळी आली की काय काय करता येतं. बारीकसारीक अपवाद तो राखून ठेवतो आणि पटावर तसा प्रसंग आला की बोट ठेवून दाखवतो. जो “हा पत्ता असा, तो पत्ता तसा” करत सगळी गड्डी वाचून दाखवतो, त्याच्या टेबलावरची माणसं पाच मिनिटांत फोन काढतात.

आता कटान. क्लाउस टॉयबर नावाच्या माणसाने तो केला. हा गृहस्थ दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारा, डार्मश्टाटजवळ त्याची लॅब होती. खेळ १९९५ साली आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीतला ‘वर्षातला खेळ’ हा पुरस्कार मिळाला. १९७९ पासून दिला जाणारा हा पुरस्कार ठरवताना परीक्षक नियम किती नीट लिहिलेत हेही बघतात, हे मला फार आवडतं. टॉयबर २०२३ मध्ये गेला.

शिकवायच्या आदल्या रात्री सगळे झोपले की तू एकटा पट मांडून बस. हे टाळू नकोस. कडेचे समुद्राचे सहा तुकडे एकमेकांत अडकतात, त्यांची चौकट होते. आत १९ षटकोनी तुकडे बसतात : जंगल, कुरण आणि शेत प्रत्येकी चार, विटांची माती आणि डोंगर प्रत्येकी तीन, आणि एक वाळवंट. वाळवंट सोडून बाकी अठरांवर आकड्यांच्या गोल चकत्या. चकत्यांच्या मागे इंग्रजी अक्षरं आहेत, ती नंतर कामाला येतील. पहिल्या डावाला तुकडे पिसू नकोस. पुस्तिकेत नवशिक्यांसाठी तयार मांडणीचं चित्र आहे, कुणाचं घर कुठे तेही त्यात दाखवलंय. तसंच्या तसं मांड. स्वतःची पहिली दोन घरं कुठे ठेवायची हा या खेळातला सगळ्यात अवघड निर्णय आणि तो खेळ सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो. नवख्या माणसाला तो घ्यायला लावणं अन्याय आहे.

मांडून झालं की चारही रंगांची पाळी स्वतःच खेळ. फासे टाक, पत्ते घे, रस्ता बांध. चार-पाच फेऱ्यांत तुझे तुलाच प्रश्न पडतील आणि त्यांची उत्तरं शोधताना पुस्तिका आपोआप वाचून होईल. पुस्तिका जर्मन आहे, पण कंपनीच्या साइटवर इंग्रजी नियम फुकट मिळतात, ते छापून आत ठेवलेत. शेवटी बाराखडीसारखी एक सूची आहे, शंका आली की शब्द काढून बघायचा. ती सलग वाचायची नाही. बाबांना हे दोनदा सांग.

दुसऱ्या दिवशी मंडळी बसायच्या आधी पट तयार असू दे. मग सांग : आपण चौघं एका ओसाड बेटावर आलोय, दहा गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला. घराचा एक गुण, शहराचे दोन. मग फासे टाकून दाखव. आठ पडले की आठच्या चकतीला लागून ज्यांचं घर आहे त्या सगळ्यांना तिथला माल, पाळी कुणाचीही असो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की निम्मा खेळ कळला. चकतीवरच्या आकड्याखाली बारीक ठिपके आहेत, ते मुलांना दाखव. दोन फाशांच्या ३६ जोड्यांत सहा हा आकडा पाच प्रकारे पडतो, आठही पाच प्रकारे, बारा मात्र एकाच प्रकारे. ठिपके तेवढेच. बंड्याला विचार, सातची चकती का नाही? त्याला दोन मिनिटं दे, सांगू नकोस.

सात पडला की चोर नावाची सोंगटी हलते. ज्या तुकड्यावर चोर बसेल तिथे माल पिकत नाही, आणि तिथे ज्याचं घर असेल त्याचा एक पत्ता, न बघता, फासे टाकणाऱ्याला मिळतो. आणि हातात सातच्या वर पत्ते असतील त्या प्रत्येकाने निम्मे टाकायचे, आठ असतील तर चार, नऊ असले तरी चारच.

अपवाद मागे ठेव म्हटलं, पण सगळेच नव्हे. निम्मे पत्ते टाकायचा नियम आधीच सांग, नाहीतर छोटीचे साठवलेले चार पत्ते जातील आणि त्या रात्रीचा खेळ तिथेच संपेल. दोन घरांमध्ये किमान दोन कडांचं अंतर लागतं, हेही आधी. थोडक्यात, ज्याने कुणाचं नुकसान होईल ते सुरुवातीला, ज्याने फायदा होईल ते नंतर चालतं. सर्वांत लांब रस्त्याचे दोन गुण कुणाचा रस्ता चार कडांपर्यंत आला की सांग, पाच कडांना ते मिळतात. ‘कार्कासोन’ नावाचा दुसरा एक खेळ आहे, त्यात शेतकऱ्यांचे गुण मोजणं इतकं किचकट की पहिल्या डावात बरेच जण शेतकरी गाळूनच शिकवतात. कमीपणा वाटायचं कारण नाही.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या पत्ते उघडे ठेवून खेळा, सगळेच कच्चं लिंबू. एकमेकांना सल्ले द्या, चाल परत घ्या. मग पट पुसून खरा डाव. बाबा म्हणतील, चाल म्हणजे चाल. ते खऱ्या डावाला.

रंग चारच आहेत आणि तुम्ही सहा जण. छोटी आईबरोबर बसव, बंड्या बाबांबरोबर. आईला नियम कमी सांग, देवघेव तेवढी सांग : ज्याची पाळी आहे त्याच्याशीच सौदा, बाकीच्यांनी आपापसांत करायचा नाही. दोन लोकरींना एक वीट, की एक लोकर आणि पुढच्या वेळची उधारी? (उधारीचं वचन पाळायचं बंधन नियमांत नाही, पण आईशी कोण मोडेल?) भाजीवाल्याकडून कोथिंबीर वर घेणारी बाई आहे ती, तुम्हा सगळ्यांना विकून खाईल.

सतरंजीवर मांडणार असाल तर पंखा एकवर ठेवा, पत्ते हलके आहेत. ऑगस्टच्या दमटपणाने पुठ्ठे वाकतात, म्हणून बुटांच्या खोक्यात मिळतात त्या दाणेदार पुड्या आत टाकल्यात, छोटी त्या फोडणार नाही एवढं बघ. खेळ संपल्यावर सगळं एका पिशवीत कोंबू नका. प्रत्येक रंगाची वेगळी पिशवी दिली आहे आणि पाच मालांचे पत्ते पाच रबरबँडांत. पुढच्या वेळी मांडायला पाच मिनिटं लागतात की अर्धा तास, हे आदल्या रात्रीच्या आवरण्यावर ठरतं, आणि अर्धा तास लागला तर वहिनी झब्बूच काढेल.

रुळला तर पुढच्या खेपेला आगगाड्यांचा एक खेळ पाठवते, त्याचा हिंदुस्थानचा नकाशा निघालाय. बाबांना रेल्वेचं वेड, ते तो सोडणार नाहीत.

नियमावरून वाद झालाच तर फोन करा. तुमच्याकडे रात्रीचे दोन म्हणजे इथे साडेदहा, मी जागी असते. फक्त फोन आधी बंड्याकडे द्या. बाबा प्रश्न विचारताना त्यांना हवं ते उत्तर त्यातच घालतात.

वहिनीला आणि आई-बाबांना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी धाकटी