आधी पाय, मंग काढ

ताई,

सप्रेम नमस्कार. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "राहू दे वं, काय लावलं" म्हणता आणि विषय कणकेवर नेता. साओ पाउलोत पोळीजोगी कणीक कुठे मिळते हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्यात माझं बोलणं तीन वर्षं राहून गेलंय. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी कोल्हापूरची, जी. डी. आर्ट केलेली, नवऱ्याच्या नोकरीमागोमाग ब्राझीलला आले. पोर्तुगीज 'ओब्रिगादा'च्या, म्हणजे 'आभारी आहे'च्या, पुढे येत नव्हतं. एका घरच्या गणपतीत तुम्ही भेटलात. अमरावतीकडच्या, आठ पायांच्या कोळ्यांवर संशोधन करणाऱ्या. शाईने बारीक रेघ मारता येते का, एवढंच विचारलंत आणि सोमवारी मला संग्रहाच्या खोलीत नेऊन बसवलंत. कपाटांत अल्कोहोलच्या बाटल्या, प्रत्येकीत एक कोळी आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. समोर सूक्ष्मदर्शक, त्याला आरशाची नळी जोडलेली. त्या नळीतून आपला हात आणि कोळी एकाच वेळी दिसतात, म्हणजे कोळ्याच्या अंगावरूनच पेन्सिल फिरवल्यासारखं वाटतं.

तुम्ही म्हणालात, "आधी पाय, मंग काढ."

मी आधी पाय काढले! दिवसभर बसून आठही पाय, काट्यांसकट, केसांसकट. संध्याकाळी तुम्ही कागद बघून चष्मा काढलात. "एवढे पाय काहून काढले वं?" वऱ्हाडात 'पाय' म्हणजे 'पाहा', हे कोल्हापूरच्या बाईला कुणी सांगितलं होतं? तुम्हीही माझ्या "मी येतो, मी जातो"ला हसायचात, तेव्हा फिट्टंफाट. पण त्या दिवशी हसून झाल्यावर तुम्ही सांगितलंत की रंग, आकार, पायांची लांबी या ज्या गोष्टी पहिल्यांदा डोळ्यांत भरतात, त्याच कोळ्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवतात. एकाच जातीची मादी काळपट, नर फिका. अल्कोहोलमध्ये वर्षभर राहिला की सगळाच चहाच्या रंगाचा.

मग बघायचं काय? तुम्ही डोळ्यांपासून सुरुवात केलीत. दोन बशा पुढ्यात ठेवल्यात. दोन्हींत चांगले मोठे, तपकिरी, केसाळ, जबड्यांवर लालसर केस असलेले कोळी. मला जुळे भाऊ वाटले. "मोज." एकाला पुढे दोन डोळे, मधल्या ओळीत चार, मागे दोन. दुसऱ्याला पुढे चार बारीक डोळे ओळीत, त्यांच्यावर दोन टपोरे, त्यांच्या मागे आणखी दोन. पहिला फोन्यूट्रिया निग्रिव्हेंटर. ब्राझीलमधले लोक याला 'आर्मादेइरा' म्हणतात, कारण डिवचला की पुढचे पाय वर उचलून उभा ठाकतो. याचा चावा गंभीर ठरू शकतो. दुसरा लायकोसा एरिथ्रोग्नाथा, बागेतल्या गवतात राहणारा, तसा निरुपद्रवी. मधल्या ओळीत चार की दोन, एवढ्यावर दवाखान्यातला निर्णय बदलतो.

याच लायकोसाची हकीकत तुम्ही डबा खाताना सांगितली होतीत. ब्राझीलमध्ये अनेक वर्षं चाव्यानंतर कातडी सडवणाऱ्या जखमांचं खापर या गवतातल्या बिचाऱ्यावर फुटत होतं. त्याच्यावर खास प्रतिविषही बनवलं जात होतं. खरा गुन्हेगार घराच्या भिंतीत, फोटोच्या चौकटीमागे, घडी घातलेल्या कपड्यांत बसलेला होता: लॉक्सोसेलिस, तिकडचा 'आरान्या मार्रोम', म्हणजे नुसता 'तपकिरी कोळी'. लहानसा, लाजरा आणि डोळे सहाच, दोन-दोनच्या तीन जोड्या. पाठीवर व्हायोलिनसारखी खूण असते म्हणतात, पण तुम्ही त्या खुणेवर कधी विश्वास ठेवू दिला नाहीत. पुसट असते, आणि बघणाऱ्याला भीती वाटली की ती कुठल्याही कोळ्यावर दिसायला लागते. चिलीमध्ये घराघरांत लॉक्सोसेलिस लाएटा, कुरितिबात इंटरमीडिया, साओ पाउलोकडे गाउचो. या तिघांना एकमेकांपासून वेगळं करायचं तर सहा डोळे उपयोगाचे नाहीत. ते तिघांनाही सारखेच.

तिथून पुढची पायरी आली आणि माझी खरी शाळा सुरू झाली.

नराच्या तोंडाशेजारी पायांसारखे दोन आखूड अवयव असतात. प्रौढ नरात त्यांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी फुगतात. आत कठीण तुकड्यांचा गुंता असतो, आणि त्यातून एक नळी निघते, एंबोलस. मादीच्या पोटाखाली, पहिल्या फुप्फुसांच्या मधोमध, एक कठीण पट्टिका, एपिगाइन. एकाची नळी दुसऱ्याच्या वाटेत बसते. हे अवयव टाचणीच्या डोक्याएवढे, कधी त्याहूनही लहान, पण बहुतेक जातींची ओळख इथेच पटते. म्हणून वयात न आलेला कोळी बशीत आला की तुम्ही "लेकरू आहे, ठेवून दे" म्हणायचात. लेकरावरून जात सांगता येत नाही. लॉक्सोसेलिसच्या मादीला तर बाहेर पट्टिकाही नसते. पोट उघडून आतल्या बीजपिशव्या बघाव्या लागतात.

पट्टिका सुईने सोडवायची, चिकटलेलं मांस काढायचं आणि लवंगेच्या तेलात ठेवायची. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा मला आजीच्या दुखऱ्या दाढेचा वास आला, आणि मी त्या परक्या खोलीत उगाचच रडवेली झाले. तुम्ही काही न बोलता खिडकी उघडलीत. थोड्या वेळाने काळपट तुकडा काचेसारखा झाला आणि आत दोन पिंगट मणी दिसले, त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यांसकट. इतकी वर्षं चित्रं काढली, पण कुठल्याही चित्राच्या आतून असा दिवा लागलेला पाहिला नव्हता.

आता ती चूक. तुम्ही कुणाला सांगितली नाहीत, मीच सांगते.

तुम्ही उत्तर ब्राझीलमधल्या बेलेंला गेल्यानंतरची गोष्ट. अटलांटिक जंगलातल्या कोळ्यांवर एक लेख तयार होत होता, आकृत्या माझ्या. एका नराचा एंबोलस बाकीच्यांच्या उलट दिशेला वळलेला होता, शेजारचा कठीण दात पार बाजूला सरकलेला. मी ठिपक्यांची छाया देऊन दोन दिवसांत सुंदर आकृती केली. सगळ्यांचं ठरलं, ही नवी जात. मी आनंदाने तुम्हाला फोटो पाठवला. तुमचा फोन आला, तोही रविवारी.

"डावा काढला का उजवा?"

डावा तुटला होता. उजवा काढून आरशासारखा उलटा केला होता. सगळीकडे डावाच दाखवायची रीत आहे ना.

"तसं खाली लिहिलं का?"

नव्हतं लिहिलं.

"बरं. अन् हे पांढरं काय दिसून राहिलं मागं?"

कठीण तुकड्यांमागे दुधाळ, सुरकुतलेली पिशवी होती. मी ती अगदी नीट रेखाटली होती, ती काय आहे ते न विचारता. एरवी ही पिशवी मिटलेली असते. मीलनाच्या वेळी तिच्यात रक्त भरतं, ती फुगते आणि सगळे तुकडे गरकन फिरतात. कधीकधी नमुना अल्कोहोलमध्ये मरतानाही ती फुगते. तुम्ही सांगितलंत, शेजारच्या बाटलीतल्या साध्या नराचा अवयव घे, कॉस्टिक पोटॅशच्या कोमट द्रावणात थोडा वेळ ठेव, मग ऊर्ध्वपातित पाण्यात टाक. टाकला. माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू फुलला, तुकडे वळले, एंबोलस उलट्या दिशेला आला. हुबेहूब माझी 'नवी जात'.

लेखातलं ते पान गेलं. मला दोन दिवस तोंड दाखवायची लाज वाटत होती. तुम्ही फक्त एवढंच लिहिलंत: "आकृती चांगली आहे. फुगलेला म्हणून छाप." ती तशीच छापली गेली. खाली 'उजवा, उलटा केलेला, फुगलेल्या अवस्थेत' असं लिहून.

त्या वेळी मला मारिया सिबिला मेरियन आठवली. तिच्याबद्दलही तुम्हीच सांगितलं होतंत. १६९९ मध्ये बाई सुरिनामला गेली, मुलीला घेऊन, चित्रं काढायला. १७०५ मध्ये छापलेल्या तिच्या चित्रात पेरूच्या झाडावर एक केसाळ कोळी चिमुकला पक्षी खातो आहे. लोकांनी तिला थापाडी ठरवलं. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची रीत घालून देणाऱ्या लिनियसने मात्र १७५८ मध्ये त्या कोळ्याला पक्ष्यावरूनच नाव दिलं, अविक्युलारिया. पण वर्णन इतकं त्रोटक की पुढची अडीचशे वर्षं कुणीही गुलाबी पंजांचा झाडावरचा कोळी त्या नावाखाली ढकलत राहिलं. २०१७ मध्ये दोन ब्राझिलियन संशोधकांनी सगळा गठ्ठा तपासला तेव्हा त्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, १२ जाती राहिल्या. एका नव्या जातीला त्यांनी मेरियनचं नाव दिलं. चित्रकारणीच्या नावाचा कोळी! तुम्ही म्हणालात, "तुह्या नावाचा नाही निघायचा, तू पाय काढते."

सप्टेंबर २०१८ मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, त्यात कोळ्यांचा संग्रहही गेला. ब्राझीलचे जुने कोळी-अभ्यासक मेलो-लेताओ यांनी ज्या नमुन्यांवरून जाती लिहिल्या, त्यांतले कित्येक त्यात होते. आज एखाद्या जातीसाठी त्यांची जुनी, अंगठ्याएवढी आकृतीच तेवढी हातात असते आणि आम्ही भिंगाखाली धरून विचारत बसतो, ही रेघ खरंच होती की त्यांचा हात हलला? म्हणून आता रेघ मारताना माझा हात जड होतो. याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, कळत नाही. आभारच समजा.

शेवटी एक गंमत. मागच्या दिवाळीत पुण्याला भावाकडे होते. गच्चीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली वेडंवाकडं जाळं, आणि त्यात हरभऱ्याएवढा, अंगभर काटे असलेला गोळा. अंड्यांची पिशवी! लॅट्रोडेक्टस जिओमेट्रिकस, तपकिरी विधवा. मूळची आफ्रिकेची की दक्षिण अमेरिकेची यावर अजून वाद, पण आता जगभर, पुण्यातही. या एकीसाठी लवंगेचं तेल लागत नाही, अंड्यांची काटेरी पिशवीच पुरते. भाऊ चप्पल घेऊन धावत आला.

मी ओरडले, "थांब! आधी पाय!"

तो एका पायावर थबकला आणि चप्पल हातात धरून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

फोटो सोबत पाठवते आहे. कोळ्याचा नीट आला नाही, भावाचा आलाय.

तुमची,
पाय काढणारी