टर्बो गाडीचे ट्यूनिंग जाणत्याच्या शेजारी बसून शिका

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) असलेल्या पेट्रोल गाड्या आता गावोगाव दिसतात. नेक्सॉन, पोलो, फ्रॉन्क्स, व्हर्टस या गाड्या बऱ्याचदा पुण्या-कोल्हापुराहून जुन्या बाजारातून येतात. त्यांच्या मागोमाग ‘अर्ध्या तासात पॉवर वाढवून देतो’ म्हणणारेही येतात. त्यांच्याजवळ लॅपटॉप असतो, केबल असते आणि कुठल्या तरी परदेशी गाडीवर बनलेली तयार फाइल, म्हणजे इंजिनाने कसे चालावे याचे आकडे, असते. ते बघून आपली मुले स्वतःच फाइल उतरवून ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) भरू लागली आहेत. हे काम शिकावेसे वाटणे चांगलेच आहे, ती ओढ कुणी मोडू नये. फक्त सुरुवात उलट्या टोकाकडून होते आहे.

कंपनी इंजिनात थोडी राखीव ताकद मुद्दाम ठेवते. उकाडा, हलके पेट्रोल, जुने झालेले प्लग, भरलेली गाडी आणि समोर घाट, हे सगळे एकदम आले तरी पिस्टन वाचला पाहिजे, एवढा तो हिशोब असतो. ट्यूनिंग म्हणजे त्या शिल्लकीतून खर्च करणे. म्हणून आपल्या गाडीत शिल्लक किती उरली आहे, हे आधी पाहावे लागते. लॅपटॉप उघडायची वेळ त्यानंतर येते.

पहिले काम कॉम्प्रेशन टेस्टचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजण्याचे. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरात फरक किती हे महत्त्वाचे. तो १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या इंजिनाला बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब) वाढवू नये. मग हवेची गळती तपासायची. टर्बोच्या तोंडाला बूच लावून सुमारे १ बार दाबाची हवा सोडली आणि जोडांवर साबणाचे पाणी मारले की फुटका होज किंवा सैल क्लॅम्प लगेच कळतो. गळकी लाइन तशीच ठेवून बूस्ट वाढवला तर ठरलेला दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावे लागते, हवा जास्त तापते आणि फाइल बिघडली असा गैरसमज होतो. प्लग नवे घालावेत, एक पायरी ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे. त्यांची फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी, कारण दाब वाढला की मोठ्या फटीत ठिणगी विझते आणि गाडी भरात (पूर्ण ताकद मागितली असताना) मिस मारते.

किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. खाऱ्या हवेने वेस्टगेटच्या (बूस्ट आटोक्यात ठेवणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरचा दांडा आणि पिन गंजतात. पिन अडकली तर वेस्टगेट वेळेवर उघडत नाही आणि बूस्ट हाताबाहेर जातो. दांडा हाताने किंवा व्हॅक्यूम पंपाने हलवून बघायला पाच मिनिटे पुरतात. दुसरी गोष्ट अर्थिंगची. बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या पट्ट्यांखाली हिरवट गंज बसला की सेन्सरचे आकडे सरकतात. चुकीच्या आकड्यांवर केलेले ट्यूनिंग चुकीचेच होणार. पट्टी सोडून घासावी आणि ग्रीस लावून परत आवळावी.

उघड्या कोन फिल्टरची इथे फार हौस आहे. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, जांभ्याची तांबडी धूळ पुरती अडवत नाही, आणि त्याला जास्त तेल लावले तर ते हवामापक सेन्सरवर बसते. बंपरच्या मागे खाली बसवला तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना थेट पाणी ओढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ फिल्टर बॉक्स आणि नवा कागदी फिल्टर हेच आपल्याकडे योग्य.

हवेचा हिशोब तर प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून बघावा. बाहेर ३३ अंश असताना हवा दुप्पट दाबली, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) ती १२५ ते १३० अंशांनी बाहेर पडते. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) चांगला असेल तर ती ५५-६० अंशांवर येते. घाटात दुसऱ्या गिअरवर ट्रकमागे रखडलो की इंटरकूलरवरून वारा जात नाही आणि आकडा आणखी चढतो. दमटपणामुळे नॉकिंगचा (मिश्रण सिलिंडरात आपोआप भडकून पिस्टनला धक्के बसण्याचा) कल थोडा कमी होतो हे खरे, पण हवेतली तीन-साडेतीन टक्के जागा वाफेने खाल्लेली असते, त्यामुळे ताकदही कमी मिळते. ती बूस्टने भरून काढायचा मोह होतो. तो टाळावा.

उंचीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ६० मिलिबारच्या आसपास कमी असतो. तिथे हाताने फिरवायच्या बूस्ट कंट्रोलरवर बसवलेली गाडी रत्नागिरीत आली की गेजवर तोच आकडा दिसतो, पण सिलिंडरात प्रत्यक्ष दाब तेवढा जास्त जातो. उलट ईसीयू निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाब) सांभाळत असेल, तर सावंतवाडीहून आंबोली चढताना, म्हणजे सुमारे ७०० मीटरवर, बाहेरचा दाब ८ टक्के घटतो आणि तोच भरणा देण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते. त्याच्या कमाल वेगापर्यंत ताणलेली फाइल इथे टर्बो मारते. म्हणून कोकणातल्या गाडीची फाइल कोकणातल्या हवेत, भर उन्हाळ्यात तपासली पाहिजे.

पेट्रोलचेही तेच. परदेशी फाइल ९५ किंवा ९८ ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची पेट्रोलची क्षमता) धरून बनते. आपल्याकडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल प्रत्येक तालुक्यात हमखास मिळतेच असे नाही. राजापूर ते कणकवली वाटेत जे मिळेल ते भरावे लागणार असेल तर ट्यूनिंग त्याच पेट्रोलवर करावे. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे. १० टक्के इथेनॉलला हवा आणि इंधनाचे पूर्ण जळणाचे प्रमाण १४.१ च्या आसपास, २० टक्क्यांना १३.५. म्हणजे इंजेक्टरला सुमारे ४ टक्के इंधन जास्त द्यावे लागते, आणि आधीच काठावर असलेला इंजेक्टर किंवा पंप इथे कमी पडतो. म्हणून निव्वळ पेट्रोलचे १४.७ चे जुने आकडे पाठ न करता लॅम्बडात, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले पूर्ण जळणाचे प्रमाण यात, वाचायची सवय लावावी. पूर्ण जळणाला लॅम्बडा कोणत्याही इंधनात १ असतो.

मुख्य शिक्षण लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरांच्या आकड्यांची नोंद) वाचण्याचे आहे, आणि तिथेच जाणता माणूस लागतो. सुरुवात कंपनीच्या मूळ फाइलवर करावी. फिरकी (इंजिनाचे मिनिटाला फेरे), मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचे तापमान, इग्निशन टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते), नॉकिंगमुळे मागे घेतलेले अंश, लॅम्बडा, इंधनाचा दाब, इंजेक्टर किती टक्के उघडा राहतो, हे सगळे एकाच वेळी नोंदवायचे. स्वस्त ब्लूटूथ डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे देते, त्यात क्षणभराचे नॉकिंग निसटते. काही आठवडे नुसते वाचन करावे. सकाळचा आणि दुपारचा लॉग शेजारी ठेवून फरक का पडला हे शिक्षकाला सांगता आले की पुढे जावे.

मूळ लॅम्बडा सेन्सर भरात फारसा उपयोगी नसेल तर वाइडबँड (लॅम्बडा मोठ्या पट्ट्यात अचूक मोजणारा सेन्सर) बसवावा. तो टर्बोनंतर डाउनपाइपवर, अर्धा-पाऊण मीटर अंतरावर, आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर कलता, म्हणजे पाणी त्यात साठणार नाही. टर्बोच्या आधी बसवला तर मागचा दाब आकडा फिरवतो आणि उष्णता सेन्सर संपवते.

बदल एका वेळी एकच. आधी इंधन: पूर्ण भरात थेट इंजेक्शनच्या (इंधन सरळ सिलिंडरात फवारणाऱ्या) गाडीत लॅम्बडा ०.८२ ते ०.८८, जुन्या पोर्ट इंजेक्शनमध्ये ०.७८ ते ०.८२, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या आत. मग टायमिंग सावध ठेवून बूस्ट ०.१ बारने वाढवायचा, प्रत्येक वेळी लॉग वाचायचा. टायमिंग शेवटी, एकेक अंश. अंश वाढवूनही टॉर्क वाढेनासा झाला की थांबायचे, नॉकिंग येण्याची वाट पाहायची नाही. एकाच फिरकीवर पुन्हा पुन्हा ३ अंश मागे घेतले जात असतील तर ती फाइल नापास. कानावर भरवसा ठेवू नये. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज टर्बो इंजिनात ऐकू येईपर्यंत पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तडकलेली असू शकते.

छोट्या थेट इंजेक्शन टर्बोत २००० फिरकीच्या खाली फार टॉर्क देऊ नये. वरच्या गिअरवर चढाला पाय दाबला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेते, आणि एका झटक्यात पिस्टन जातो. नॉक सेन्सर त्याला वाचवू शकत नाही, कारण टायमिंगचा तिथे संबंधच नसतो. एपीआय एसपी प्रतीचे ऑइल या धोक्यासाठीच तपासलेले असते, गाडीच्या पुस्तकातल्या घट्टपणात तेच वापरावे.

बूस्ट मर्यादेपलीकडे गेला की इंधन तोडणारे संरक्षण ठरलेल्या दाबाच्या ०.१५ ते ०.२ बार वर ठेवावे, कधीही काढू नये. सायलेन्सरमधून फटाके वाजवणारी फाइल मागणाऱ्याला नकार द्यावा. त्यात ठिणगी उशिरा करून इंधन एक्झॉस्टमध्ये जाळतात, त्याने टर्बोची चाके आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही भाजतात.

फाइल भरण्याआधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपावी. भरताना बॅटरीला १३ व्होल्टच्या वरचा स्थिर पुरवठा द्यावा. पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून गाडीची आणि लॅपटॉपची बॅटरी दोन्ही पूर्ण भरलेल्या हव्यात. मध्येच पुरवठा तुटला तर ईसीयू मरतो.

भरातली चाचणी डायनोवरच (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच) करावी, समोर मोठा पंखा, गाडी पट्ट्यांनी बांधलेली, चाकांच्या रेषेत कुणी उभे नाही. महामार्ग ६६ ही चाचणीची जागा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात फेरफार करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडकतो. म्हणून शिकण्याची गाडी ट्रॅकसाठी वेगळी ठेवलेली असावी.

शिक्षक कसा ओळखावा? तो आधी गाडीचा इतिहास विचारतो, आजारी इंजिनाला हात लावत नाही, आधीचा आणि नंतरचा लॉग व मूळ फाइल तुमच्या हातात देतो, ‘का’ विचारले की आकडा दाखवतो. पहिला बदल तुम्ही करा, पण भरण्याआधी त्याच्या नजरेखालून जाऊ द्या. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथे एक वाइडबँड, एक चांगला लॉगर आणि अनुभवी ट्यूनरची महिन्यातून एक शनिवारची शिकवणी एवढी सोय संस्थांनी करावी, अशी कळकळीची विनंती आहे.

जुनी टर्बो गाडी घेणाऱ्यांनी स्कॅनरवर कॅलिब्रेशन क्रमांक आणि पडताळणी क्रमांक (ईसीयूतली फाइल कोणती आणि ती बदलली आहे का हे दाखवणारे) वाचून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ताडून घ्यावेत. ते जुळले नाहीत तर मूळ फाइल भरून दिल्याशिवाय व्यवहार करू नये, आणि विकणाऱ्यानेही गाडी ट्यून केलेली आहे, कोणत्या पेट्रोलवर केली आहे, हे कागदावर लिहून द्यावे.

आपला,
एक इंजिन दुरुस्तीकार, कुडाळ