आबा, तुमची हुकलेली कुस्ती

सेंट लुईस, मिसूरी
रविवार, सकाळ

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही "तिकडं कुस्ती असती का रं?" म्हणून विचारलंत आणि मी सांगायला लागलो तोवर तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. आईनं फोन काढून घेतला आणि विषय गुडघ्यावर गेला. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी भिंग जवळ ठेवा.

कुस्ती असते. म्हणजे होती. आमच्या शेजारी सत्तरीचे एक म्हातारबा राहतात. एकटेच असतात. बर्फ पडला की त्यांच्या दारातला मी ओढून टाकतो, मग ते मला आत बोलावून कॉफी देतात. आपल्याकडं पहिल्या पाण्याची चहापत्ती दुसऱ्यांदा उकळल्यावर जे होतं, त्या चवीची. मागच्या शनिवारी त्यांनी तळघरातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. मला वाटलं बिस्किटंच आहेत. आत कुस्त्यांच्या जोडांची छापील पत्रकं निघाली, पन्नास-साठ तरी असतील. प्रत्येक जोडीपुढं पेन्सिलीनं निकाल लिहिलेला. ७ जानेवारी १९६६ च्या पत्रकावर लू थेझ या नावापुढं 'हरला' असं लिहिलंय आणि पेन्सिल इतकी दाबलीय की कागदाला भोक पडलंय. तेव्हा म्हातारबा दहा वर्षांचे होते. वडिलांचं बोट धरून कील ऑडिटोरियममध्ये गेले होते. जीन किनिस्कीनं थेझकडून जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला आणि हे घरी येईपर्यंत रडले.

लू थेझ हे नाव तुम्हाला आठवलं का आबा? आठवणारच. पण त्याचं नंतर सांगतो.

हा थेझ याच गावात वाढला. बाप हंगेरीकडून आलेला, जोडे शिवायचा आणि पोराला घरीच कुस्ती शिकवायचा. पुढं जॉर्ज ट्रॅगोस नावाचा एक ग्रीक वस्ताद मिळाला. १९३७ साली, २१ व्या वर्षी, पोरगा जगज्जेता झाला. शेवटची कुस्ती जपानात १९९० मध्ये खेळला, तेव्हा वय ७४. (गुडघ्याच्या ऑपरेशनला नाही म्हणताना हे लक्षात असू द्या.)

त्या काळी इथं सगळ्या देशाची मिळून एक कुस्ती नव्हती. मुलुख वाटून घेतलेले. एकेक मुलुख एकेका ठेकेदाराचा, त्याचे पैलवान वेगळे, टीव्हीवरचा कार्यक्रम वेगळा. १९४८ मध्ये यातल्या काहींनी आयोवा राज्यात बसून एक संघटना केली आणि ठरवलं की जगज्जेता सगळ्यांचा मिळून एकच. मग तो वर्षभर बॅग घेऊन गावोगाव फिरायचा, आपल्याकडं जत्रांच्या तिथी धरून पैलवान फिरतात तसा. प्रत्येक गावचा लाडका पैलवान त्याला आव्हान देणार, हा जेमतेम वाचणार आणि गाव वर्षभर म्हणत बसणार, 'पुढच्या खेपेला आपला घेतोय बघ.'

सेंट लुईसचा ठेकेदार सॅम मचनिक. आधी पेपरात खेळाच्या बातम्या लिहायचा. त्यानं १९५९ पासून चेस नावाच्या भारी हॉटेलात कुस्त्या लावल्या आणि त्या टीव्हीवर दाखवल्या. वर झुंबरं, खाली टेबलं, कोट-टाय घातलेली माणसं, बायका ठेवणीतल्या कपड्यांत, आणि मधोमध दोरखंडांच्या चौकटीत दोन उघडे पैलवान. तुम्हाला हसू येईल. खासबागेत मातीत मांडी घालून बसणाऱ्याला हे कसं पटावं? पण म्हातारबा म्हणतात, रविवारी सकाळी चर्चमधून आल्यावर आधी टीव्ही लागायचा, मग जेवण. त्यांची आजी तर खलनायक पैलवानाला पडद्यावरच चप्पल मारायची. १९८३ पर्यंत, तब्बल २४ वर्षं हा कार्यक्रम चालला.

मिसूरी राज्याचा म्हणून एक वेगळा पट्टा १९७२ पासून होता, आपल्या महाराष्ट्र केसरीसारखा. आपल्याकडं खांद्यावर गदा, यांच्याकडं कमरेला पट्टा, एवढाच फरक. पहिला मानकरी हार्ली रेस, याच राज्यातला, आणि पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला. रेसबद्दल बोलताना म्हातारबांचा आवाज बदलतो. तुमचा मारुती मान्यांबद्दल बोलताना बदलतो तसाच.

आता तुम्ही म्हणणार, "पण बाळू, सगळी नुरा कुस्ती की!" मला माहीत आहे. हो, निकाल आधी ठरायचा. म्हातारबाही ते कबूल करतात, पण असं, जणू मी त्यांच्या मेलेल्या भावाचं काहीतरी काढलंय. मग त्यांनी मला जे सांगितलं ते तुमच्यासाठी लिहून ठेवलंय.

निकाल ठरलेला असला तरी समोरच्यानं शब्द मोडला तर? १९२५ ची गोष्ट आहे. त्या वेळचा जगज्जेता वेन मन हा मुळात फुटबॉलचा गडी. अंगानं राक्षस, पण कुस्ती येत नव्हती. फिलाडेल्फियात त्याच्यासमोर पडण्यासाठी एका म्हाताऱ्या पैलवानाला उभं केलं. तो पडलाच नाही. त्यानं मनला खरोखर धरला, पुन्हापुन्हा चीत केला आणि पट्टा घेऊन गेला. दीड महिन्यात याच सेंट लुईसमध्ये जो स्टेकरकडं तो पट्टा गेला. तेव्हापासून पट्टा खऱ्या पैलवानाच्याच कमरेला हवा असं शहाण्या ठेकेदारांनी मनाशी धरलं. थेझ वर्षानुवर्षं जगज्जेता राहिला त्याचं हे एक कारण. परगावात कुणी डाव साधायला बघितलं तर त्याचा खांदा निखळवायची विद्या त्याच्याकडं होती.

त्यातला एक डाव म्हातारबांनी स्वयंपाकघरातच मला दाखवला. माझं मनगट एका हातानं धरलं, दुसरा हात माझ्या दंडाखालून घालून स्वतःचंच मनगट पकडलं आणि जरासं मागं पिळलं. आबा, सत्तरीचा माणूस, पण मी पंजावर उभा राहिलो. कॉफीचा कप ओट्यावरून खाली. खांदा अजून बोलतोय.

आणि १९२५ चा तो म्हातारा पैलवान कोण होता माहितेय? पोलंडचा झिबिस्को. तोच, ज्याला १९२८ मध्ये पतियाळात आपल्या गामानं एक मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं! तालमीत मारुतीच्या शेजारी गामाचा फोटो आहे, त्याला हात लावून तुम्ही आखाड्यात उतरायचात. म्हातारबांना गामा माहीत नव्हता. मी सांगितला, तर त्यांनी त्याच पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीनं नाव लिहून घेतलं.

मग मी दुसरा हुकमाचा पत्ता काढला. म्हटलं, तुमचा थेझ १९६८ साली मुंबईला आला होता आणि आमच्या दारासिंगनं त्याला हरवलं. म्हातारबा कप खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिले. "पट्टा बरोबर होता का त्याच्या?" मी म्हटलं, तो तर तुमच्या किनिस्कीनं दोन वर्षं आधीच काढून घेतला होता. "मग ठीक आहे," म्हणाले आणि हसले. पण हसू पूर्ण आलं नव्हतं. साठ वर्षं झाली तरी माणसाला आपला पैलवान परमुलखात पडलेला चालत नाही बघा.

तुमचंही तेच की. लालबागला मिलमध्ये होतात, पहिली पाळी, सुट्टी मिळाली नाही आणि ती कुस्ती हुकली. त्यानंतर जन्मभर 'ती खरी नव्हतीच' म्हणत आलात. मला लहानपणी वाटायचं तुम्हाला कुस्तीतलं कळतं म्हणून म्हणता. आता वाटतं, तिकीट मिळालं असतं तर दारासिंगचं गुणगान ऐकत आम्ही मोठे झालो असतो.

१९८२ च्या १ जानेवारीला मचनिक निवृत्त झाला. रिक फ्लेअर आणि डस्टी ऱ्होड्सची जोड, जवळजवळ २० हजार माणूस. दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्ककडच्या मॅकमहन नावाच्या ठेकेदारानं केबल टीव्हीच्या जोरावर एकेक मुलुख गिळला. कील ऑडिटोरियम पाडलं, तिथं आता बर्फावरच्या हॉकीचं स्टेडियम आहे. परवा म्हातारबांना गाडीतून तिकडं नेलं तर ते उतरले नाहीत.

आईला सांगा, मेतकूट मिळालं. पिशवी फुटली होती, पण अर्धं वाचलं.

आणि एक काम आहे. दारासिंगनं थेझला शेवटी कोणत्या डावावर घेतला, हे म्हातारबांना हवंय. रोज विचारतात. तुम्ही पाळीवर होतात, पण तुमच्या खोलीवरचं कुणीतरी गेलं असेलच. जे कोणी हयात आहेत त्यांना विचारून कळवा. फोनवर नको, लिहूनच पाठवा. त्यांना ते पत्र डब्यात ठेवायचंय.

तुमचा,
बाळू