स्पितीच्या डाकसेवकास, गावांच्या पिनकोडबद्दल

स. न. वि. वि.

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातल्या गावांची आमची पिनकोड यादी तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ते जाहीरपणे मानतो आहोत, कारण तुम्ही दाखवलेल्या चुका पहाडी गावाचा पत्ता लिहिणारे पुष्कळजण करतात.

सगळ्यात मोठी चूक जिल्ह्याची. जिल्ह्याचं मुख्यालय लाहौलमधलं केलाँग, म्हणून गाव यादीत सापडलं नाही की केलाँगचा १७५१३२ टाकून मोकळं व्हायचं. पण स्पितीतलं मुख्य गाव काझा, त्याचा पिन १७२११४ आहे; पहिले तीन आकडे शेजारच्या किन्नौर जिल्ह्याच्या बाजूचे. लाहौल आणि स्पिती मिळून जिल्हा एकच, पण मध्ये कुंझुम आहे! साडेचार हजार मीटरच्या आसपासची ही खिंड हिवाळ्यात कित्येक महिने बर्फाने बंद असते, त्यामुळे स्पितीची टपालाची थैली किन्नौरकडून, रेकाँग पिओमार्गे वर येते. पिनचा तिसरा आकडा दाखवतो तो वर्गवारीचा जिल्हा टपालखात्याचा, महसूलखात्याचा नव्हे. १७५ लिहिलेलं पाकीट लाहौलच्या वाटेला लागतं आणि खिंडीच्या भलत्याच बाजूला जाऊन पडतं. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, आता काय अडचण, असं वाटतं खरं. पण तो रोहतांग खिंडीखालून जातो, कुंझुम त्याच्या कितीतरी पुढे.

दुसरा घोळ आमच्या मराठी सवयीचा. आम्ही डोळे मिटून ‘मु. पो.’ लिहितो. ते बरोबर केव्हा, तर गावातच डाकघर असेल तेव्हा. लांगझा किंवा कोमिकसाठी ‘मु. लांगझा, पो. हिक्कीम’ असं तोडून लिहायला हवं, हे तुम्ही सांगितलंत. पिन मात्र १७२११४ च, कारण शाखा डाकघराला सहसा स्वतःचा पिन नसतो. ज्या उपडाकघराशी त्याचा हिशेब जोडलेला, त्याचाच पिन. म्हणजे पिन बरोबर असला तरी पाकीट काझापर्यंतच नक्की पोचतं. तिथून कोणत्या शाखेच्या थैलीत टाकायचं, हे ‘पो.’ पुढचं नाव ठरवतं. सरकारी पिनकोड यादी मुळात डाकघरांची असते. कुठलं गाव कोणत्या शाखेच्या बीटमध्ये, म्हणजे डाकसेवकाच्या फेरीत, येतं हे बीट चालणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो रकाना सगळा तुम्ही भरलात.

नावांचंही तसंच. ‘की’ हे गाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. एका स्पेलिंगने शोधलं की ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस पुन्हा केलाँगकडे वळतो. आता प्रत्येक गावापुढे सरकारी गाव-क्रमांक लिहिला आहे, जुळवणी त्यावरूनच होते.

एक चूक निव्वळ संगणकाची होती. तक्त्यात पिनचा रकाना खाली ओढला की १७२११४ चं पुढच्या ओळीत १७२११५, मग १७२११६ होऊ शकतं. आकडे सहाच असतात, सुरुवातही बरोबर, त्यामुळे तपासणीत पकडले जात नाहीत. वाढलेला आकडा दुसऱ्याच डाकघराचा खरा पिन निघू शकतो, ही त्यातली मेख. आता हा रकाना खाली ओढून भरत नाही, प्रत्येक ओळीत पिन कॉपी करून टाकतो.

२०२५ मध्ये डिजिपिन आला. दहा अक्षर-अंकांत सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन सांगतो. घर शोधायला उत्तम, पण तो पिनची जागा घेत नाही. थैली कुठल्या रस्त्याने जाणार हे पिनच ठरवतो. म्हणून यादीत तो वेगळ्या रकान्यात, भरला तर भरला.

दुरुस्त यादीची छापील प्रत काझा डाकघराच्या पत्त्यावर पाठवत आहोत. एखादी शाखा दुसऱ्या उपडाकघराला जोडली गेली किंवा बीट बदललं, तर तेवढ्या ओळीवर लाल खूण करून परत पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
यादी करणारे