पौलाने यहूदी धर्म सोडला नव्हता

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील आद्य ख्रिस्ती मंडळीविषयीचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला असला, तरी यहूदी धर्म सोडून पौलाने, म्हणजे येशूच्या त्या आद्य प्रचारकाने, नवा धर्म स्थापन केला, हे त्यातील विधान पौलाच्याच पत्रांशी जुळत नाही. आपण इस्राएली, अब्राहामाच्या वंशातले आणि बन्यामिनाच्या कुळातले आहोत, असे तो रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात वर्तमानकाळात सांगतो. धर्म सोडलेला माणूस असे लिहिणार नाही.

त्या पिढीपुढचा पेच उलटा होता. येशूला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानणारे पहिले अनुयायी यहूदीच होते. त्यांच्यात येऊ पाहणाऱ्या परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, सुंता करून यहूदी व्हावे की नाही, यावर वाद पेटला होता. त्यांनी मूर्तिपूजा सोडावी, पण परराष्ट्रीय म्हणूनच यावे, असा पौलाचा आग्रह होता. ग्रीक असलेल्या तीत या आपल्या सोबत्यावर सुंतेची सक्ती झाली नाही, हे तो आवर्जून नोंदवतो. उलट यहूदी आईच्या पोटी जन्मलेल्या तीमथ्य या सोबत्याची सुंता त्याने त्या भागातल्या यहूद्यांखातर केली, असे बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते.

सुंतेच्या वादावर यरुशलेमात समेट झाला, तरी पंगतीचा प्रश्न उरलाच. सिरियातल्या अंत्युखिया शहरात येशूचा प्रमुख शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली, तसा तो सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने मागे सरून वेगळा राहू लागला, बाकीचे यहूदी आणि पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेले, आणि पौलाने त्याला सर्वांदेखत फैलावर घेतले. ताटात काय होते, याचा पौलाने ही हकिगत सांगितलेल्या, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात उल्लेख नाही. कोण कोणाबरोबर जेवतो एवढाच मुद्दा आहे, आणि त्याचे वजन मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पेत्राने काय उत्तर दिले, हेही पौल लिहीत नाही. पौलाची सरशी झाली असती, तर ते लिहिल्यावाचून तो राहिला नसता, असा माझा कयास आहे.

इ.स. 70 मध्ये यहूद्यांचे यरुशलेममधले मंदिर उद्ध्वस्त झाले आणि दोन्ही धर्म कायमचे वेगळे झाले, हा लेखातील निष्कर्षही घाईचा वाटतो. याच अंत्युखियात 386-87 साली योहान ख्रिसोस्तोम हा धर्मोपदेशक आपल्या ख्रिस्ती श्रोत्यांना यहूद्यांच्या सभास्थानात (प्रार्थनागृहात) जाण्यावरून आणि त्यांचे सण-उपवास पाळण्यावरून दटावत होता. लोक जात होते, म्हणूनच ना? त्या विखारी प्रवचनांचा पुढे यहूदीद्वेष पसरवण्यासाठी वापर झाला. लेखाच्या पुढील भागात त्यांची दखल घेतली जावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वसई