पक्षाघातानंतर नजरेचा व्यायाम कोण लिहून देणार?

महोदय,

जागतिक पक्षाघात दिनानिमित्त (२९ ऑक्टोबर) आपल्या दैनिकात आलेल्या लेखात वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात आणि अडखळणारी जीभ ही लक्षणे नेमकेपणाने सांगितली होती. नजरेचा उल्लेख मात्र राहून गेला.

माझ्या वडिलांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. हातापायांतले बळ शाबूत असल्याने पाचव्या दिवशी त्यांना घरी सोडले. घरी आल्यावर ताटाच्या डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच राहू लागली, दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटू लागला आणि वर्तमानपत्रातले ‘अमान्य’ ते ‘मान्य’ असे वाचू लागले. डावा डोळा अधू झाला, असे ते म्हणत आणि आम्हालाही ते पटे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. वस्तुतः त्यांचे दोन्ही डोळे निरोगी होते. दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याचा डावा अर्धा भाग मेंदूपर्यंत पोहोचूनही तेथे उमटत नव्हता, आणि त्यावर कोणताही चष्मा चालत नाही. एका नेत्रतज्ज्ञांनी समोर बसून, एकेक डोळा झाकायला लावून, केवळ बोटे हलवून हे ओळखले. या तपासणीला यंत्र लागत नाही. तरीही रुग्णालयातून मिळालेल्या कागदांत तिची एक ओळही नव्हती.

गेलेली नजर आपोआप परत यायची असेल, तर ती बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत येते. त्यानंतर उपयोगी पडतो तो उरलेली नजर हुशारीने वापरण्याचा सराव: डोळे आधी मुद्दाम अंध बाजूच्या पार टोकापर्यंत न्यायचे आणि मग ओळीने परत आणायचे. टेबलावर पसरलेल्या पत्त्यांतून सांगितलेला पत्ता शोधणे, वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवून ती दिसल्याशिवाय ओळ सुरू न करणे, असे हे साधे व्यायाम आहेत. (वडिलांना पत्त्यांचा भारी नाद, त्यामुळे हा उपचार त्यांनी कधी चुकवला नाही.)

याबाबत अवास्तव आशाही नको. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार अशा सरावाने रुग्णाचे जीवनमान सुधारण्याची शक्यता दिसते, परंतु पुरावा अद्याप कमकुवत आहे आणि नजरेचा गेलेला भाग त्याने भरून येतो असे दिसलेले नाही. म्हणूनच संगणकासमोर बसवून ‘दृष्टी परत आणून देतो’ असे सांगत मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून कुटुंबीयांनी सावध राहिलेले बरे.

मुंबईत केईएम, नायर आणि शीव या पालिका रुग्णालयांशी संलग्न महाविद्यालयांत व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार) शिकवला जातो, म्हणजे हे काम जाणणारी माणसे राज्यात तयार होत आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र पक्षाघाताच्या रुग्णाला फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळते आणि नजरेचा विषय तिथेच संपतो. रुग्णाला घरी सोडताना दृष्टिक्षेत्राची (समोर पाहताना आजूबाजूचे किती दिसते याची) तपासणी झाली की नाही, याची नोंद कागदावर सक्तीची करावी आणि दोष आढळल्यास वाहन न चालवण्याची सूचनाही तेथेच लेखी द्यावी, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे. वडील त्या पहिल्या महिन्यात दोनदा स्कूटर घेऊन बाजारात जाऊन आले होते.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा