क्रुगरमधल्या त्या आजी-आजोबांना

जूनमध्ये भाड्याची गाडी घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. सतारा कॅम्पजवळ (नाव वाचून साताऱ्याच्या आमच्या आईने पाटीला चक्क हात जोडले) एस १०० या कच्च्या रस्त्यावर मागचं टायर बसलं. रस्ता सिंहांसाठी प्रसिद्ध, गाडीतून उतरायला मनाई, आणि जूनमध्ये कॅम्पचं फाटक साडेपाचला बंद. वाजले होते पावणेपाच. फोनला रेंज नाही.

तुमची पांढरी बक्की थांबली. (तिकडे पिकअपला बक्कीच म्हणतात.) आजोबा, तुम्ही आधी ‘उतरू नका’ म्हणून हातानेच दटावलंत. बक्की आमच्या गाडीला खेटून लावलीत, दोन्हीकडचं गवत दुर्बिणीने न्याहाळलंत आणि मगच जॅक काढलात. मागून आलेल्या निळ्या गाडीतल्या कुटुंबाने दुसरी बाजू अडवली. माझे हात इतके थरथरत होते की तुम्ही पाना काढूनच घेतलात. एक नट गवतात घरंगळला. तो शोधायला अर्थातच कुणी गेलं नाही. उरलेल्या चारांवर, ताशी चाळीसच्या मर्यादेत, फाटक लागायला दोन मिनिटं असताना पोहोचलो.

निळ्या गाडीवाल्यांचे आभार. सकाळी कुठून तरी जुळणारा नट आणून देणाऱ्या पंपावरच्या मुलाचेही.

आणि आजी, खिडकीतून दिलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा परत घ्यायचा राहिला. तो तुमच्याकडेच असू दे.